कळ थांबली म्हणजे खडा पडला असं नाही

कळ उजव्या बरगडीखाली, पाठीकडून उठली आणि अर्ध्या तासात जांघेत उतरली. कोणत्याच कुशीवर पडवेना. अपेंडिक्स सुजलं की माणूस निपचित पडतो, हललं तर दुखतं म्हणून. मूतखड्याचा रुग्ण येरझाऱ्या घालतो. डॉक्टरांना निम्मं निदान तिथेच कळतं.

त्या अवस्थेत मी तांब्याभर पाणी प्यायलो, ते चुकलं. वाट अडलेली असताना लघवी वाढली की मूत्रपिंडातला दाब वाढतो, कळ आणखी चढते.

किडनीचा विकार, अल्सर, दमा नाही ना, हे विचारून डॉक्टरांनी डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं ७५ मिलिग्रॅमचं इंजेक्शन दिलं. हे औषध मूत्रपिंडातला दाब आणि मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीची सूजही उतरवतं, म्हणून ते आधी.

मग लघवीची तपासणी (रक्तपेशी सापडल्या), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळायला रक्ताची तपासणी) आणि भरल्या मूत्राशयाने सोनोग्राफी. मूत्रपिंड फुगलेलं दिसलं, खडा नाही. नळीच्या मधल्या आणि खालच्या भागावर आतड्यातला वायू आड येतो. ‘खडा दिसला नाही’ हे वाक्य वाचून इथेच थांबू नका. साध्या, डाय न देता केलेल्या सीटी स्कॅनमध्ये ५ मिलिमीटरचा खडा नळी मूत्राशयात उघडते तिथल्या तोंडाशी अडकलेला निघाला. तिथला खडा सारखं लघवीला लागल्यासारखं करतो. पुष्कळदा त्याला नुसता उन्हाळी लागल्याचा त्रास समजतात. (गर्भवतींना सीटी शक्यतो टाळतात.)

एवढा खडा बहुधा आपणहून पडतो. रात्री नळी सैल करणारं टॅमसुलोसिन ०.४ मिलिग्रॅम; त्याने चक्कर येते, म्हणून अंथरुणातून सावकाश उठायचं. प्रत्येक लघवी चहाच्या बारीक गाळणीतून. पाचव्या दिवशी कळ पूर्ण थांबली आणि गाळणी बंद करायचा मोह झाला. खडा पडला अकराव्या दिवशी: मोहरीपेक्षा मोठा, तपकिरी, भिंगाखाली काटेरी. अडथळा तसाच राहून दुखणं थांबू शकतं आणि मूत्रपिंड हळूहळू निकामी होतं, म्हणून पुन्हा सोनोग्राफी केलीच.

थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली किंवा उलट्या थांबेनात, तर काढे, कुळथाचं कढण सगळं बाजूला ठेवून त्याच रात्री रुग्णालय गाठा. अडलेल्या मूत्रपिंडात जंतू वाढले तर आधी स्टेंट (मूत्रपिंड ते मूत्राशय अशी आतून ठेवलेली बारीक नळी) किंवा पाठीतून नळी घालून लघवी काढतात. लेझरने खडा फोडणं नंतर. स्टेंट घातला तर तो काढायची तारीख घरातल्या दोघांना तरी माहीत हवी. विसरलेल्या स्टेंटवरच खडे धरतात.

माझा खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला. दूध बंद केलं नाही: जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं. मीठ मात्र कमी केलं, लोणचं-पापड सुटले. आणि पाण्याचे ग्लास मोजायचे सोडून दिवसभराची लघवी मापाच्या भांड्याने मोजली. ती अडीच लिटर भरायला हवी. माझी जेमतेम सव्वा लिटर होती.