एका पॅकेजची तीन पॅकेजं करताना

आमच्या ऑफिसात कामाच्या तासांची नोंद ठेवणारी एक घरचीच सेवा आहे. मागे एक डीमन, म्हणजे पडद्याआड सतत चालणारा प्रोग्राम, आणि नोंदी टाकायला छोटीशी कमांड. दोन्ही एकाच डेब पॅकेजमध्ये, म्हणजे डेबियन या लिनक्सच्या इन्स्टॉल करायच्या गठ्ठ्यात. त्यामुळे ज्याला फक्त कमांड हवी त्याच्याही लॅपटॉपवर डीमन बसायचा आणि लगेच सुरूही व्हायचा, कारण डेबियनमध्ये सेवा इन्स्टॉल झाली की सहसा आपोआप चालू होते. उघडी नेटवर्क कनेक्शनं दाखवणाऱ्या ‘एसएस’ कमांडने पाहिलं तर ज्याच्या त्याच्या मशीनवर डीमनचा पोर्ट उघडा. शिवाय सर्व्हरची (म्हणजे डीमनची) कॉन्फिग, म्हणजे सेटिंगची, फाइलही सगळीकडे. हे वेगळं करायचं काम माझ्याकडे आलं.

डीमन इकडे, कमांड तिकडे, हे कोणीही सांगेल. प्रश्न दोघांना लागणाऱ्या फाइलींचा. दुसऱ्या मशीनवर सुरक्षितपणे लॉगिन करायच्या ओपनएसएसएचचंच बघा: लॉगिनच्या किल्ल्या बनवणारं ‘एसएसएच-कीजेन’ सर्व्हरलाही लागतं. डेबियनने ते क्लायंट पॅकेजात ठेवलंय, म्हणून तिथे सर्व्हर घेतला की क्लायंट सोबत येतोच. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सने ते तिसऱ्या, सामाईक पॅकेजात ठेवलं. मला फेडोराची वाटणी जास्त पटली. आम्हीही कॉमन, सर्व्हर (डीमन) आणि क्लायंट (कमांड) अशी तीन केली.

पॅकेजांची माहिती असते त्या कंट्रोल फाइलीत नवे परिच्छेद लिहिणं पटकन झालं. पण पॅकेज एकच असतं तेव्हा डेबहेल्पर (पॅकेज बांधणारं साधन) सगळं थेट त्यातच टाकतो; एकाहून जास्त झाली की आधी ‘डेबियन/टीएमपी’ फोल्डरमध्ये जमा करतो आणि कोणती फाइल कुणाची, ते प्रत्येकाच्या ‘इन्स्टॉल’ यादीत आपण लिहायचं. डेबहेल्परच्या कॉम्पॅट १३ या नियमपातळीत एखादी फाइल कुणाच्याच यादीत नसेल तर बिल्ड तिथेच थांबतो. हा कडकपणा मला आवडतो. त्यामुळेच विसरलेलं मॅन पेज (कमांडचं माहितीपान) सापडलं. इन्स्टॉलनंतर चालणाऱ्या पोस्टइन्स्ट स्क्रिप्टच्या फाइलीच्या नावात मात्र पॅकेजचं नाव द्यायलाच हवं, नाहीतर ती कंट्रोल फाइलीतल्या पहिल्या पॅकेजला चिकटते. आमची स्क्रिप्ट डीमनसाठी सिस्टिम युजर तयार करते, त्याचं क्लायंटवर काय काम?

खरी कसोटी अपग्रेडची. जुन्या पॅकेजातली फाइल नव्या पॅकेजातून आली की पॅकेज बसवणारा डीपीकेजी अडतो: ही फाइल दुसऱ्याची आहे, मी तिच्यावर लिहिणार नाही. त्यासाठी नव्या पॅकेजांत ‘ब्रेक्स’ (जुनी आवृत्ती सोबत चालणार नाही) आणि ‘रिप्लेसेस’ (तिच्या फाइलींवर लिहायची मुभा) दोन्ही लिहावे लागतात, जुन्या नावाच्या कोणत्या आवृत्तीच्या आधी ते सांगून. नुसतं ‘रिप्लेसेस’ पुरत नाही. मग जुनं पॅकेज आपल्या अर्ध्या फाइली गमावूनही मशीनवर ठणठणीत असल्यासारखं दिसत राहतं.

जुनं नाव आम्ही रिकामं पॅकेज म्हणून ठेवलं, नव्या सर्व्हर आणि क्लायंटवर अवलंबून असलेलं. त्यामुळे मुख्य सर्व्हर अपग्रेडमध्ये बंद पडला नाही. अर्थात लॅपटॉपवरही डीमन तसाच राहिला. तिथे आधी क्लायंट नाव घेऊन इन्स्टॉल केला, म्हणजे एपीटी (पॅकेजं आणणारं, काढणारं साधन) त्याला ‘मुद्दाम मागितलेला’ समजतो, आणि मग जुनं नाव व सर्व्हर ‘पर्ज’ केले, म्हणजे समूळ काढले. हा क्रम उलटा केला तर ‘ऑटोरिमूव्ह’, म्हणजे कुणाला न लागणारी पॅकेजं काढणारी कमांड, क्लायंटही झाडून नेऊ शकतो. पर्जच का, तर नुसत्या ‘रिमूव्ह’ने सर्व्हरची कॉन्फिग फाइल मागेच राहते, आणि तीच तर आम्हाला लॅपटॉपवर नको होती.