आयी, गोळ्यांचे डबे आणि ‘टेक’

मेलबर्नच्या फार्मसीत औषध घेतलं की डब्यावर एक छापील चिठ्ठी चिकटवून मिळते. तिच्यावर रुग्णाचं नाव, तारीख आणि सूचना: ‘टेक वन टॅब्लेट ट्वाइस अ डे विथ फूड.’ सध्या मी ज्या बाईंना इंग्रजी शिकवते, त्यांची आणि माझी सुरुवात या ओळीपासून झाली.

त्यांनी साठी ओलांडली आहे. चीनच्या शानतुंग प्रांतातून लेकीचं मूल सांभाळायला त्या इथे आल्या आणि बॉक्स हिलमध्ये राहिल्या. मेलबर्नच्या पूर्वेकडच्या या उपनगरात भाजीबाजारापासून केस कापण्यापर्यंत सगळं चिनी भाषेत भागतं, त्यामुळे इंग्रजीवाचून त्यांचं काही अडत नव्हतं. मग मधुमेह निघाला, गोळ्या सुरू झाल्या, आणि दवाखान्यात जायचं म्हटलं की प्रत्येक वेळी लेकीने रजा काढायची, हे त्यांना पटेना. ग्रंथालयातल्या संभाषणाच्या वर्गात त्या आल्या. तिथे मी स्वयंसेवक म्हणून जाते. मी त्यांना ‘आयी’ म्हणते. मावशीच्या वयाच्या बाईला चिनीत आदराने अशीच हाक मारतात, आणि मराठी कानाला तो शब्द परका वाटतच नाही. त्या मला ‘लाओश’ म्हणतात, म्हणजे बाई, शिक्षिका.

आयींना ‘टेक’ माहीत होता. कुणीतरी सांगितलं होतं की टेक म्हणजे चिनीतलं ‘ना’, हातात घेणं. त्यामुळे चिठ्ठीवरच्या ओळीचा अर्थ त्यांच्या लेखी असा झाला: जेवताना एक गोळी हातात घ्यायची, दिवसातून दोनदा. हातात घेतली, मग पुढे काय करायचं, असं त्यांनी मला विचारलं. प्रश्न अगदी रास्त होता. चिनीत औषध खातात, ‘छ्र याओ’. काढा असेल तर पितात. इंग्रजीत गोळी गिळायची असली तरी ‘ईट’ चालत नाही, हे त्यांना कळणार कुठून?

मी मराठी माध्यमात शिकले. आपण औषध ‘घेतो’, म्हणून ‘टेक मेडिसिन’ शिकताना मला काही वेगळं वाटलं नव्हतं. पण मराठीतही मलम लावतो आणि डोळ्यात थेंब घालतो. चिनीतही या तिन्हींना वेगवेगळी क्रियापदं आहेत. म्हणून आयींना घरातले सगळे डबे, नळ्या, बाटल्या पिशवीत घालून आणायला सांगितलं आणि टेबलावर दोन ढीग केले. पोटात जाणारं एकीकडे, त्वचेवर किंवा डोळ्यात जाणारं दुसरीकडे. पहिल्या ढिगातल्या प्रत्येक चिठ्ठीवर ‘टेक’ सापडला. दुसऱ्यात एकदाही नाही, तिथे ‘अप्लाय’ आणि ‘यूज’. आयींनी चष्मा वर करून एकेक चिठ्ठी बोटाने तपासली आणि नियम स्वतःच सांगितला: तोंडातून जातं ते टेक.

त्या दिवसापासून एक वही सुरू झाली. एका ओळीत ‘टेक’ आणि त्याच्या जोडीला येणारा शब्द, एवढंच. शेजारी आयी आपल्या लिपीत चिनी क्रियापद लिहितात आणि मोठ्याने वाचतात. मी तो उच्चार देवनागरीत टिपते आणि पुढे मराठी क्रियापद लिहिते. टेक अ ट्रेन: चिनीत ‘त्स्वो’, म्हणजे बसणं, मराठीत ट्रेनने जाणं. टेक अ फोटो: चिनीत ‘पाय’, मराठीत काढणं. नर्स ब्लड प्रेशर ‘टेक’ करते, चिनीत मोजतात आणि आपण तपासतो. पान भरलं तेव्हा दिसलं की इंग्रजीत सगळीकडे एकच क्रियापद आहे, आणि आमच्या दोघींच्या भाषांत प्रत्येक कामाला आपापलं.

कमी शब्दांत काम भागवणारी इंग्रजी शिकायला सोपी, असं मानणारे पुष्कळ आहेत. १९३० मध्ये इंग्रज भाषाअभ्यासक सी. के. ऑग्डेन यांनी ८५० शब्दांचं ‘बेसिक इंग्लिश’ मांडलं. त्यात क्रियापदं फक्त १८, आणि ‘टेक’ त्यांतलं एक. त्यांचे सहकारी आय. ए. रिचर्ड्स १९२९-३० मध्ये बीजिंगच्या चिंग्ह्वा विद्यापीठात शिकवत होते, आणि पुढे चिनी शाळांमध्ये बेसिक रुजवण्यासाठी त्यांनी बरीच खटपट केली. १९३७ च्या जपानी आक्रमणात ते काम विस्कटलं. या माणसांच्या कळकळीबद्दल मला आदर आहे, पण आयींबरोबर बसल्यावर त्यांचा हिशेब पटत नाही. ‘रिमूव्ह’ हा शब्द गाळला की ‘टेक ऑफ’, ‘टेक आउट’, ‘टेक अवे’ हे तीन शिकावे लागतात. आयींना ‘रिमूव्ह’ एकदा सांगितला, कायमचा लक्षात राहिला. ‘टेक ऑफ’ म्हणजे बूट काढणं आणि विमानाने उड्डाण करणंही, हे मात्र पुनःपुन्हा करावं लागलं. ‘टेक अवे’ तेवढा सोपा गेला, कारण इथल्या प्रत्येक खाण्याच्या दुकानात ‘हॅव हिअर ऑर टेक अवे?’ असं विचारतातच.

‘ब्रिंग’ आणि ‘टेक’ ही जोडी चिनी माणसाला जड जाते, असं बऱ्याच शिक्षकांकडून ऐकलं होतं. दोन्हींसाठी चिनीत ‘दाय’ हे एकच क्रियापद, बरोबर बाळगणं. आयीही ‘आय ब्रिंग माय ग्रँडसन टू स्कूल’ म्हणायच्या, ग्रंथालयात बसून. इंग्रजी पुस्तकात बोलणाऱ्याकडे आणि बोलणाऱ्यापासून दूर असे बाण काढलेले असतात. आयींना ते बाण कळायचे, पण बोलताना उपयोगी पडायचे नाहीत. मार्ग मराठीतून मिळाला. आपल्याकडे ‘आणणं’ आणि ‘नेणं’ आहेच, पण रोजच्या बोलण्यात आपण ‘घेऊन ये’ आणि ‘घेऊन जा’ही म्हणतो. चिनीतही नेमकं तसंच आहे. ‘दाय लाय’ म्हणजे घेऊन येणं, ‘दाय छ्यू’ म्हणजे घेऊन जाणं. दिशा ‘ये’ आणि ‘जा’ यांत आहे, आणि ती आयी जन्मभर अचूक वापरत आल्या आहेत. मी वहीत लिहिलं: जिथे ‘लाय’ तिथे ब्रिंग, जिथे ‘छ्यू’ तिथे टेक. त्यांनी ते वाचलं, नातवाला शाळेत ‘दाय छ्यू’ करते असं पुटपुटल्या, आणि म्हणाल्या, ‘आय टेक हिम.’ त्यानंतर ही चूक क्वचितच झाली. इतकी चोख गोष्ट शिकवण्याच्या पुस्तकात का नसते, याचं मला अजून नवल वाटतं.

वेळेचा ‘टेक’ लेकीमुळे लवकर उरकला. चीनमधल्या शाळेत ‘इट टेक्स समबडी सम टाइम टू डू समथिंग’ हे सूत्र घोकून घेतात, आणि वेळ असो की पैसा, खर्च करण्याला चिनीत एकच ‘ह्वा’, म्हणून ‘स्पेंड’, ‘कॉस्ट’, ‘पे’, ‘टेक’ यांतला फरक परीक्षेला हमखास येतो. लेकीला सगळं तोंडपाठ होतं. आयींना मी फक्त स्टेशनवरचं वाक्य दिलं: शहरात जायला ट्रेनला अर्धा तास लागतो, १०९ नंबरच्या ट्रामला बराच जास्त. मराठीतल्या ‘लागतो’सारखं चिनीत ‘याओ’ आहे, त्यामुळे अर्थ पटकन बसला. वाक्य ‘इट’ने का सुरू करायचं, हे त्यांनी विचारलं नाही, तसंच पाठ केलं.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही ज्यावर घालवला, तो म्हणजे नर्सचा प्रश्न. उपाशीपोटी रक्त तपासायच्या दिवशी नर्स विचारते, ‘यू हॅवन्ट टेकन युअर टॅब्लेट टुडे?’ आयींचं उत्तर: ‘येस.’ चिनीत ते बरोबर आहे. ‘तुइ’, म्हणजे बरोबर बोलतेस, नाही घेतली. आपणही ‘गोळी घेतली नाहीस ना?’ या प्रश्नाला ‘हो, नाही घेतली’ असंच उत्तर देतो. पण इंग्रजी कानाला ‘येस’ म्हणजे घेतली. त्यात चिनी क्रियापदाला काळाची रूपं नाहीत, घडून गेलेली गोष्ट पुढे ‘ल’ लावून सांगतात, म्हणून टेक, टुक, टेकन ही तीन रूपं त्यांना तीन वेगळे शब्द वाटायची. इथे गैरसमज झाला तर तो तपासणीच्या कागदावर उतरतो, आणि म्हणून मला याबाबतीत ढिलाई चालणार नव्हती.

आम्ही ठरवलं की दवाखान्यात सुटं ‘येस’ किंवा ‘नो’ म्हणायचंच नाही. ‘आय टुक इट.’ ‘आय डिडन्ट टेक इट.’ ही दोन वाक्यं, आणि जमल्यास पुढे वेळ. मी नर्स व्हायचे आणि प्रश्न उलटसुलट विचारायचे: घेतली का, नाही घेतली ना, घ्यायची राहिली का. आयी आधी चिनीत खरं काय ते स्वतःशी म्हणायच्या, ‘छ्र ल’ (खाल्ली) किंवा ‘मेइ छ्र’ (नाही खाल्ली), मग इंग्रजी वाक्य. हा मधला थांबा त्यांनीच शोधला, आणि मला तो फार शहाणपणाचा वाटला. प्रश्नाच्या शब्दांत न अडकता, गोळी पोटात गेली आहे की नाही तेवढंच बघायचं.

मागच्या तपासणीला लेकीने रजा काढली नाही. आयी एकट्या गेल्या. नर्सने तोच उलटा प्रश्न विचारला, असं त्यांनी मला नंतर सांगितलं, आणि त्या म्हणाल्या, ‘आय डिडन्ट टेक इट. आय टेक इट आफ्टर टेस्ट.’ दुसऱ्या वाक्यात ‘विल’ राहिला, पण नर्सला हवं ते सगळं मिळालं. एरवी बोलताना ‘येस्टर्डे आय टेक माय ग्रँडसन टू पार्क’ अजून होतंच. बागेच्या गप्पांत मी ते प्रत्येक वेळी सुधारत नाही. औषधाच्या बाबतीत मात्र एकदाही सोडत नाही.

वहीत आता ‘पुट ऑन’चं पान उघडलं आहे. चिनीत कपडे ‘छ्वान’ करतात आणि टोपी, चष्मा, घड्याळ ‘दाय’ करतात. हा ‘दाय’ उच्चाराने बरोबर बाळगण्याच्या ‘दाय’सारखाच, अक्षर मात्र निराळं. मराठीत किती शब्द आहेत, असं आयींनी विचारलं, तेव्हा मी साडी नेसणं, सदरा घालणं, चष्मा लावणं, फेटा बांधणं असे एकाखाली एक लिहून दिले. पुढच्या वेळी त्या घरून कोट आणि टोपी आणणार आहेत. कोट अंगावर चढवणं म्हणजे ‘पुट ऑन’ आणि तो अंगावर असणं म्हणजे ‘वेअर’, हे करूनच बघायचं ठरलं आहे.