क्वांटलिब रस्टमध्ये नेताना : रोजनिशीतली काही पानं

सोमवार

आज कॅलेंडरची फाइल हातात घेतली. क्वांटलिब ही आर्थिक गणिताची लायब्ररी सी प्लस प्लस ह्या प्रोग्रॅमिंग भाषेतून रस्ट ह्या दुसऱ्या भाषेत आणतोय असं सांगितलं की लोक लगेच म्हणतात बापरे गणित केवढं असेल, पण खरं सांगू का, ऑप्शनच्या (ठरलेल्या भावाने पुढे खरेदी-विक्री करायच्या हक्काच्या) किमतीचा फॉर्म्युला उतरवायला फार वेळ लागत नाही, तो कुठल्याही भाषेत तसाच राहतो. वेळ खातात त्या तारखा. सुट्टी एक दिवसाने चुकली की सेटलमेंट (पैसे द्यायघ्यायचा दिवस) पुढे सरकते, मग व्याजाचे दिवस बदलतात, मग रक्कम बदलते, आणि तुम्ही बसता गणितात चूक शोधत.

भारताचं कॅलेंडर म्हणजे एनएसईचं, नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचं. 26 जानेवारी, 14 एप्रिल, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर अशा कायमच्या तारखा वरच एका अटीत आहेत, गुड फ्रायडे ईस्टरच्या तक्त्यावरून निघतो, आणि त्याखाली एकेक वर्ष घेऊन आपले सण हाताने लिहून काढलेत. 2005 मध्ये 7 सप्टेंबर गणेश चतुर्थी, 12 ऑक्टोबर दसरा, 1 नोव्हेंबर लक्ष्मीपूजन, 3 नोव्हेंबर भाऊबीज. महाराष्ट्र दिन त्या वर्षी रविवारी आला म्हणून तो यादीत नाही, पण का नाही ते कॉमेंटमध्ये लिहून ठेवलंय! इटलीत 2000 च्या सुमाराला सुरू झालेली लायब्ररी, आणि तिच्या सी प्लस प्लस कोडमध्ये भाऊबीज. कुणीतरी एनएसईची यादी समोर घेऊन हे टाइप केलं असणार, मला ते वाचून फार भारी वाटलं.

माझ्याबरोबर काम करणाऱ्या मित्राचं म्हणणं पडलं की तिथी काढायचा अल्गोरिदमच लिहू, म्हणजे दरवर्षी यादी भरायला नको. मला अजिबात पटलं नाही. बाजार बंद कधी ते पंचांग ठरवत नाही, एक्स्चेंजचं सर्क्युलर ठरवतं, आणि बकरी ईद तर चंद्रदर्शनावर ऐनवेळी एक दिवस इकडेतिकडे होते. दिसायला ओबडधोबड असली तरी इथे यादीच बरोबर आहे, ती जशीच्या तशी आणली.

तारखेचा आकडाही बघण्यासारखा आहे. 1 जानेवारी 1900 ला 1 धरून दिवस मोजत गेलं तर 1 जानेवारी 1901 चा सिरियल नंबर 367. सरळ मोजलं तर 366 यायला हवा, पण एक्सेल 1900 ला लीप इयर धरतं (ते लोटस ह्या जुन्या स्प्रेडशीटपासून चालत आलेलं), आणि बँकांमध्ये सगळं एक्सेलवर चालतं म्हणून क्वांटलिबने तोच हिशोब ठेवला आणि स्वतःच्या तारखा 1901 पासून सुरू केल्या. रस्टमध्ये तारखांसाठी चांगल्या तयार क्रेट्स (लायब्रऱ्या) आहेत, पण मी तारखेचा टाइप स्वतःच लिहिला तो ह्याच एका कारणासाठी.

बुधवार

काही विशेष नाही. तीस/तीनशेसाठचे (महिना तीस दिवसांचा, वर्ष तीनशेसाठचं धरून व्याजाचे दिवस मोजायचे) प्रकार उतरवले: युरोपियन, इटालियन, जर्मन आणि बाकीचे. फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवसाचं काय करायचं ह्यावर एवढी मतं असू शकतात!

गुरुवार, रात्री उशिरा

आज डोकं लागलं ते लेझी ऑब्जेक्टला, म्हणजे कुणी विचारल्याशिवाय गणित न करणाऱ्या कोडला. क्वांटलिबचा कणा म्हणजे ऑब्झर्व्हर पॅटर्न. बाजारातला एक दर बदलला की त्याच्यावर अवलंबून असलेल्या कर्व्हला (मुदतीप्रमाणे व्याजदर दाखवणाऱ्या रेषेला) निरोप जातो, कर्व्हवरून पुढे स्वॅपला (व्याजदरांच्या अदलाबदलीच्या कराराला) जातो, पण लगेच कुणी गणित करत नाही, फक्त 'माझं उत्तर शिळं झालं' एवढी नोंद होते आणि कुणी किंमत विचारली की मग गणित. डिझाइन खरंच सुंदर आहे, पण रस्टमध्ये सगळ्यात जास्त अडतं ते इथेच, कारण प्रत्येक जण दुसऱ्याला धरून बसलेला असतो आणि रस्टला मालक कोण ते आधी कळायला लागतं.

लेझी ऑब्जेक्टमध्ये एक जागा आहे. गणित चालू करायच्या आधीच 'गणित झालं' हा फ्लॅग (हो-नाहीची खूण) ट्रू करतात. पहिल्यांदा वाचणाऱ्याला ती चूकच वाटेल. शेजारी कॉमेंट आहे, त्याचा अर्थ असा की बूटस्ट्रॅपिंगमध्ये अनंत रिकर्शन होऊ नये म्हणून. म्हणजे होतं काय, यील्ड कर्व्ह बांधताना एकेक पॉइंट ठरवायचा असतो, त्यासाठी स्वॅपची किंमत काढायची असते, आणि तो स्वॅप डिस्काउंट फॅक्टर (पुढे मिळणाऱ्या रुपयाची आजची किंमत) विचारायला जातो त्याच कर्व्हकडे जो अजून बांधून व्हायचाय. फ्लॅग फॉल्स असेल तर कर्व्ह परत स्वतःला बांधायला घेईल आणि कधी संपणारच नाही. फ्लॅग ट्रू असला की अर्धवट कर्व्ह आहे त्या पॉइंट्सवरून उत्तर देतो, सॉल्व्हर नवा अंदाज टाकतो, परत विचारतो, असं करत करत पॉइंट बसतो. मध्येच एरर आली तर फ्लॅग परत फॉल्स करायलाही विसरलेले नाहीत. एका ओळीत केवढा अनुभव आहे बघा.

रस्टमध्ये हे रेफसेल (कोण वाचतंय, कोण बदलतंय ते प्रोग्रॅम चालताना तपासणारं वेष्टण) वापरून तसंच उतरवलं तर कंपाइल होतं, पण चालवलं की पॅनिक, म्हणजे प्रोग्रॅम तिथेच थांबतो, कारण कर्व्ह बदलण्यासाठी उघडलेला असताना दुसऱ्या बाजूने कुणी वाचायला आलेलं त्याला चालत नाही. आणि मला वाटतं रस्टचं म्हणणं बरोबर आहे, अर्धवट कर्व्ह आणि पूर्ण कर्व्ह ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून मी अर्धवट कर्व्हचा वेगळा स्ट्रक्ट (डेटाचा साचा) केला, स्वॅपची किंमत काढणाऱ्या हेल्परला तो सरळ आर्ग्युमेंट म्हणून दिला, आणि सगळे पॉइंट बसले की त्यातून पक्का कर्व्ह तयार होतो, जो नंतर कुणालाच बदलता येत नाही. फ्लॅगची गरजच संपली. पण मी मूळ कॉमेंटचा अर्थ माझ्या फाइलमध्ये लिहून ठेवला, कारण पुढे कुणी ह्या दोन स्ट्रक्टचं एक करायला घेतलं तर त्याला कारण कळायला हवं.

मूल्यांकनाची तारीख क्वांटलिबमध्ये ग्लोबल असते, एकदा सेट केली की सगळे तीच वापरतात. ती मी काढून टाकली आणि तारीख प्रत्येक ठिकाणी हातात द्यायची असं केलं. रस्टमध्ये टेस्ट चालवणारा कार्गो टेस्ट मुळातच सगळ्या टेस्ट समांतर थ्रेडमध्ये चालवतो, एका टेस्टने तारीख बदलली की दुसरीचं उत्तर बदलणार. टाइप जास्त करावं लागतं, ते चालेल.

शनिवार

आज फक्त टेस्ट. माझं ठाम मत झालंय की पोर्ट करायला घेतलं की आधी टेस्ट आणायच्या आणि कोड मागून, कारण जगभरच्या लोकांनी जे आकडे अडखळत अडखळत तपासून ठेवलेत ते टेस्टमध्येच आहेत. उदाहरणार्थ 1 नोव्हेंबर 2003 ते 1 मे 2004, अॅक्च्युअल/अॅक्च्युअल. म्हणजे खरे दिवस मोजून हा काळ वर्षाचा किती भाग होतो ते. इस्डाच्या (डेरिव्हेटिव्ह्जच्या संघटनेच्या) पद्धतीने 2003 मधले 61 दिवस भागिले 365 अधिक 2004 मधले 121 भागिले 366, उत्तर 0.497724. इस्माच्या (रोखेबाजाराच्या संघटनेच्या) पद्धतीने बरोब्बर 0.5. फ्रेंच बँकांच्या एएफबी पद्धतीने 182 भागिले 366, म्हणजे 0.497268. तारखा त्याच, नाव जवळजवळ तेच, आणि तीन उत्तरं तिन्ही बरोबर! माझी तिन्ही जुळली तेव्हा मी खुर्चीतून उठून एक चक्कर मारून आलो.

मग नॉर्मल डिस्ट्रिब्युशन. त्याच्या खालचं एरर फंक्शन क्वांटलिबने सन मायक्रोसिस्टिम्सच्या 1993 च्या सी कोडवरून घेतलंय आणि तसं फाइलमध्ये लिहिलंय. म्हणजे मी उतरवतोय तेही कुणीतरी आधी उतरवलेलंच. तो कॉपीराइटचा मजकूर, त्याखालची नावं, सगळं माझ्या रस्टच्या फाइलच्या डोक्यावर तसंच ठेवलंय. लायसन्स सांगतं म्हणून तर आहेच, पण सांगितलं नसतं तरी ठेवलं असतं, ती माणसं नसती तर माझ्याकडे उतरवायला काय होतं?

कॉल ऑप्शनची नेहमीची केस पण लावून बघितली: स्पॉट (आजचा भाव) 60, स्ट्राइक (ठरलेला भाव) 65, व्याज 8 टक्के, व्होलॅटिलिटी (भावातली चढउतार) 30 टक्के, तीन महिने. किंमत 2.1334 आली.

पुढे माँटे कार्लो, म्हणजे यादृच्छिक आकडे टाकून किमतीचा अंदाज काढायची पद्धत. त्याची सुरुवात मर्सेन ट्विस्टर ह्या यादृच्छिक आकडे काढणाऱ्या अल्गोरिदमने करणार, सीड (सुरुवातीचा आकडा) 5489 दिलं की दहा हजारावा आकडा 4123659995 यायलाच हवा, तिथे चौथ्या-पाचव्या दशांशाची सवलत नाही, पूर्णांक आहेत त्यामुळे एक बिटसुद्धा हलता कामा नये. तो आला की मगच भावाचे संभाव्य मार्ग काढणाऱ्या पाथ जनरेटरला हात लावायचा. मित्राला मेसेज टाकलाय की सोबोलच्या (सगळीकडे सारखे पसरलेले आकडे काढायच्या दुसऱ्या पद्धतीच्या) तक्त्याची फाइल त्याने घ्यावी, आकडे प्रचंड आहेत आणि हाताने टाइप करायचे नाहीत, स्क्रिप्टनेच काढायचे.