आजोबांच्या गोळ्यांचा डबा आणि बीजिंगची ती मुलगी

खान्देशात बर्फ दिसतो तो रसवंतीवर, नाहीतर मासळीच्या पेटीत. इथली पोरं स्केटिंग शिकतात ती चाकांवर, सिमेंटच्या फरशीवर, तेही ऊन चढायच्या आत. तरी कामिला व्हॅलिएवा या बर्फावर स्केटिंग करणाऱ्या रशियन मुलीचं डोपिंग प्रकरण इथल्या तालमीतल्या वस्तादांनी आणि पोरांच्या आईबापांनी नीट वाचावं. त्यातल्या भांडणाचं मूळ फडताळावरच्या औषधांच्या डब्यात आहे आणि तो डबा अमळनेरपासून शहाद्यापर्यंत घरोघरी असतो.

आधी तारखा बघू, कारण निम्मा घोळ तारखांचाच आहे. २५ डिसेंबर २०२१ ला सेंट पीटर्सबर्गमध्ये रशियाच्या राष्ट्रीय स्पर्धेत कामिलाच्या लघवीचा नमुना घेतला. तेव्हा ती १५ वर्षांची होती. नमुना गेला स्टॉकहोमच्या प्रयोगशाळेत. अहवाल साधारण २० दिवसांत यावा अशी अपेक्षा असते. इथे नमुन्यावर 'तातडीचा' अशी खूण नव्हती, प्रयोगशाळेत कोरोनाने माणसं आजारी. अहवाल आला ८ फेब्रुवारी २०२२ ला, म्हणजे दीड महिन्याने. आदल्याच दिवशी बीजिंग ऑलिंपिकची सांघिक स्पर्धा संपली होती. हवेत चार गिरक्या घेऊन उतरणारी ऑलिंपिकमधली पहिली मुलगी म्हणून कामिलाचं नाव झालं होतं आणि तिचा संघ पहिला आला होता. पदकं गळ्यात घालायचा कार्यक्रम मग झालाच नाही. रशियाच्या डोपिंगविरोधी संस्थेने तिला ८ तारखेला निलंबित केलं, ९ तारखेला त्यांच्याच समितीने ते उठवलं, १४ तारखेला आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने (खेळातले तंटे सोडवणारं न्यायपीठ) 'खेळू द्या' म्हटलं. वैयक्तिक स्पर्धेत १५ तारखेला ती पहिली होती. १७ तारखेला पडत-धडपडत चौथी आली.

लवादाचा अंतिम निकाल २९ जानेवारी २०२४ चा. २५ डिसेंबर २०२१ पासून चार वर्षं बंदी, मधले सगळे निकाल रद्द.

पदकांचं गणितही मजेशीर आहे. सांघिक स्पर्धेत रशियाचे ७४ गुण होते, अमेरिका ६५, जपान ६३, कॅनडा ५३. कामिलाने दोन्ही फेऱ्यांत पहिली येऊन १० अधिक १० असे २० गुण आणले होते. ते वजा केले की उरतात ५४. अमेरिकेला सुवर्ण, जपानला रौप्य, आणि एका गुणाने रशियाला कांस्य! कॅनडाचं म्हणणं असं की, पहिली बाद झाली तर मागच्या मुली एकेक जागा वर सरकायला हव्यात. त्यांची मुलगी दोन्ही फेऱ्यांत तिसरी होती, म्हणजे दोन गुण वाढून ५५ झाले असते. स्केटिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जागा सरकवल्या नाहीत आणि कॅनडाचं अपीलही फेटाळलं गेलं. अमेरिका आणि जपानच्या खेळाडूंना पदकं मिळाली ती ७ ऑगस्ट २०२४ ला, पॅरिसच्या उन्हात.

आता औषधाकडे येऊ. ट्रायमेटाझिडिन. छातीत दुखणाऱ्या, हृदयाला रक्तपुरवठा कमी पडणाऱ्या माणसाला देतात. हृदयाचं नेहमीचं इंधन चरबी. चरबी जाळायला प्राणवायू जास्त लागतो, साखरेला त्या मानाने कमी. हे औषध हृदयाला साखरेकडे वळवतं, त्यामुळे तेवढ्याच प्राणवायूत काम जास्त होतं. धडधाकट पोरीला त्याचा किती फायदा होईल यावर वाद आहे, पण २०१४ पासून ते बंदी यादीत आहे आणि स्पर्धा असो-नसो, बाराही महिने बंद आहे. आपल्याकडे हे दुर्मीळ औषध अजिबात नाही. ३५ मिलिग्रॅमची, पोटात हळूहळू विरघळणारी गोळी, सकाळ-संध्याकाळ. कुठल्याही मेडिकलवर मिळते. पाकिटावर ब्रँडचं नाव ठळक असतं आणि 'ट्रायमेटाझिडिन' बारीक अक्षरात.

कामिलाच्या नमुन्यात ते सापडलं एका मिलिलिटरला २.१ नॅनोग्रॅम. ९० मिलिलिटर लघवी धरली तर एकूण १८९ नॅनोग्रॅम. एका गोळीत असतात साडेतीन कोटी नॅनोग्रॅम. म्हणजे एका गोळीचे एक लाख पंच्याऐंशी हजार भाग केले तर त्यातला एक त्या बाटलीत होता. हा आकडा ऐकला की आपल्याकडे लगेच कुणीतरी म्हणणार, "काई नई व्हस!" पण आकडा लहान म्हणून घेतलेला डोस लहान, असा हिशेब इथे लागू पडत नाही. शरीरातलं हे औषध साधारण सहा-सात तासांनी निम्मं होतं. दहा वेळा निम्मं झालं की हजारावा भाग उरतो, आणि त्याला तीन दिवससुद्धा लागत नाहीत. त्या दिवशी उष्ट्या पेल्यातून गेलेला कण आणि तीन-चार दिवसांपूर्वी मुद्दाम घेतलेली अख्खी गोळी, दोन्हींचा शेवट बाटलीत सारखाच दिसू शकतो. प्रयोगशाळा फक्त 'आहे' एवढं सांगते. कुठून आलं हे सांगायचं काम खेळाडूचं.

कामिलाकडून पुढे आलेलं कारण आजोबांचं होतं. आजोबा हृदयाची गोळी घेतात, त्यांच्या पेल्यातून किंवा भांड्यांतून ती गेली असावी, असं आधी सांगितलं गेलं. पुढे लवादासमोर स्ट्रॉबेरीच्या गोड पदार्थाची गोष्ट आली: आजोबांनी ज्या फळीवर गोळ्या कुटल्या तिथेच तो पदार्थ केला. लवादाला हे पटलं नाही. ऐकायला विचित्र वाटतं म्हणून नव्हे, पुरावा जमला नाही म्हणून.

इथे नियमाची एक बारीक गोष्ट आहे, ती बहुतेक बातम्यांत सुटली. बंदी यादीत दोन प्रकार असतात. काही द्रव्यं 'विनिर्दिष्ट', म्हणजे चुकून पोटात जाण्याची शक्यता मानलेली. त्यांच्या बाबतीत मोठी शिक्षा हवी असेल तर हेतू होता हे संस्थेने सिद्ध करायचं. बाकीची 'अविनिर्दिष्ट'. त्यांच्यासाठी सुरुवातच चार वर्षांपासून होते आणि हेतू नव्हता हे खेळाडूने दाखवायचं. ट्रायमेटाझिडिन दुसऱ्या प्रकारात येतं, इन्शुलिनही त्यातच. १६ वर्षांखालच्या खेळाडूला 'संरक्षित व्यक्ती' म्हणून सवलती आहेत: दोष फारसा नसेल तर नुसत्या ताकिदीवरही सुटका होऊ शकते. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिला खेळू दिलं त्यात या वयाचा मोठा वाटा होता. पण लवादाने शेवटी म्हटलं की, हेतू नव्हता हे एकदा सिद्ध करता आलं नाही की नियमात तिला प्रौढ खेळाडूपेक्षा वेगळं वागवायला आधारच उरत नाही. आमच्या मते ही नियमाची फट आहे. पंधरा वर्षांची मुलगी पुरावे गोळा करत नाही, मोठी माणसं करतात. १३ ते १५ या वयात तिला ५६ प्रकारची औषधं आणि पूरकं दिली गेली, असं निकालपत्रातून बाहेर आलं. चाचणीच्या अर्जावर तिने स्वतः लिहिलेली एल-कार्निटिन आणि हायपॉक्सेन ही दोन्ही बंदी नसलेली. पण एवढी मूठभर औषधं पोरीच्या हातावर ठेवणारे कोण होते, हे कुणालाही कळतं. बंदी मात्र तिच्या नावावर लागली.

उलट बाजूला टेनिसपटू इगा श्वियाँतेक. ऑगस्ट २०२४ चा नमुना, द्रव्य तेच, प्रमाण मिलिलिटरला ०.०५ नॅनोग्रॅम. तिने झोपेसाठी घेतलेल्या मेलाटोनिनच्या गोळ्या जपून ठेवल्या होत्या. त्या तपासल्या, त्याच बॅचचं न उघडलेलं पाकीट तपासलं, दोन्हींत भेसळ निघाली. बंदी लागली ती एकच महिना.

आता आपला डबा उघडू. चिवड्याचा नाहीतर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, त्यात आबांच्या बीपीच्या, साखरेच्या, हृदयाच्या गोळ्या, मोठ्या आईच्या गुडघ्याच्या आणि पोरांच्या सर्दीच्या, सगळ्या एकत्र. यात काय काय बंदीतलं निघतं ते बघा. टेल्मिसार्टनच्या नावापुढे 'एच' असेल तर त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड आहे, तो मूत्रल, म्हणजे लघवी वाढवणारा, बाराही महिने बंद. पाय सुजतात म्हणून दिलेली फ्युरोसेमाइड किंवा टोरसेमाइड तीच जात. दंगलीआधी वजन बसवायला मल्ल 'पाणी काढायची गोळी' घेतात ती हीच. तिने एकतर चाचणीत सापडतो, आणि मे महिन्यात ४४ अंशांत घाम काढताना पोटॅशियम उतरून पायात गोळे येतात, ते वेगळंच. दम्याचा सल्ब्युटामोल पंपाने ठरावीक मापात चालतो, गोळीने नाही. आणि खोकल्याचं सिरप! बाटलीवर 'टर्ब्युटालिन' दिसलं तर खेळाडूने ती बाटली खाली ठेवायची. पृथ्वी शॉवर २०१९ मध्ये याच द्रव्यामुळे आठ महिन्यांची बंदी आली, तेही १९ व्या वर्षी.

सलाईनचं तर बहुतेकांना माहीतच नसतं. ऊन लागलं, गळून गेला, की दवाखान्यात जाऊन अर्ध्या लिटरची बाटली चढवायची, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. बाटलीत नुसतं मीठ-पाणी असलं तरी १२ तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त शिरेतून घेणं बंदीत बसतं. रुग्णालयातले उपचार, शस्त्रक्रिया किंवा निदानाची तपासणी यातलंच काही असेल तर सूट. खरंच उष्माघात झाला तर अर्थातच रुग्णालयात न्या, जीव आधी. पण केसपेपर, निदान आणि किती बाटल्या लावल्या याची नोंद लेखी घ्या. थकवा जावा म्हणून चढवायची सलाईन मात्र विसरा. ताक आणि ओआरएस तोंडाने प्या, त्याला कसलीच मर्यादा नाही.

एखादं बंदीतलं औषध खरोखरच लागत असेल तर उपचारासाठी सवलत मागता येते, तिला टीयूई म्हणतात. अर्ज शक्यतो स्पर्धेच्या ३० दिवस आधी, डॉक्टरांच्या कागदांसह. औषध तपासायला नाडाचं, म्हणजे भारताच्या डोपिंगविरोधी संस्थेचं, 'नो युवर मेडिसिन' हे ॲप आहे. त्यात ब्रँडपेक्षा आतल्या घटकाचं नाव टाकून बघितलेलं बरं.

खेलो इंडिया किंवा राष्ट्रीय स्पर्धेत बोलावणं आलं तर काय होतं, तेही थोडक्यात. सूचना मिळाल्यापासून सोबत्याच्या नजरेआड जायचं नाही. अठराखालच्या मुलाने आपलं मोठं माणूस बरोबर घ्यावं. ते माणूस प्रक्रिया बघतं, लघवी करताना मुलाकडे बघत नाही. किमान ९० मिलिलिटर लागतं. भांडं खेळाडूनेच निवडायचं, बाटल्यांचे आकडे जुळवायचे, ओतायचंही स्वतः: 'ब' बाटलीत ३०, 'अ' बाटलीत ६०, थोडं तळाला ठेवायचं घनता मोजायला. नेमकं इथे आपली पोरं अडकतात. उन्हात कोरडी पडलेली असतात, लघवी होत नाही, मग घटाघट दोन-तीन लिटर पाणी पितात. ९० मिलिलिटरच्या नमुन्याची घनता १.००५ च्या खाली गेली की तो पातळ ठरतो आणि पुन्हा बसावं लागतं, कधी तीन-तीन तास. घोट-घोट प्यावं, पाणी सीलबंद बाटलीतलं.

मग अर्ज. मागच्या सात दिवसांत घेतलेलं सगळं त्यात लिहायचं: गोळी, सिरप, प्रोटीनची पावडर, वैद्याचं चूर्ण, इंजेक्शन. लिहिल्याने बंदीतलं औषध माफ होत नाही, पण न लिहिलेल्या औषधाची गोष्ट नंतर कुणी मानत नाही. अर्जाची प्रत घरी नेऊन जपायची.

आणि इथे आपली मेडिकलची सवय आडवी येते. दहाच्या पाकिटातल्या चार गोळ्या मागितल्या की दुकानदार कात्रीने कापून देतो. नाव एका तुकड्यावर, बॅच नंबर आणि तारीख दुसऱ्यावर, आणि तो दुसरा तुकडा दुकानातच राहतो. बिल कुणी घेत नाही. महिन्याभराने नाडाची नोटीस आली तर हातात उरतात चार रिकामे चांदीचे खळगे. म्हणून खेळाडूच्या घरात पूर्ण पाकीट घ्यायचं, बिलावर बॅच नंबर घालून मागायचं, पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा फोटो त्याच दिवशी काढायचा आणि दोन-तीन गोळ्या न फोडता वेगळ्या ठेवायच्या. प्रोटीनच्या डब्याचंही तेच: तळातली मूठभर पावडर डब्यासकट राखायची. आबांचा डबा वेगळ्या फडताळावर, त्यांचा पेला वेगळा, आणि गोळी अर्धी करायची तर मेडिकलवर पिल कटर मिळतो. भाजी चिरायची सुरी आणि मिरची कुटायचा खलबत्ता त्यासाठी वापरायचा नाही.