कॉर्नरची वही: नव्या हंगामाआधीच्या नोंदी

१५ सप्टेंबर २०२५

काल महिला हॉकीची आशिया चषकाची फायनल चीनकडून १-४ अशी हरलो. पहिल्याच मिनिटाला नवनीत कौरने पेनल्टी कॉर्नरवर (गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, म्हणजे 'डी'त, बचावाचा फाउल झाला की मिळणारी संधी) गोल मारला, तेव्हा मी इतक्या खुशीत नोंद केली की पेन्सिलचं टोकच मोडलं. पुढच्या तीन क्वार्टरांत त्या टोकाची फारशी गरज पडली नाही. प्रो लीग या वरच्या देशांच्या लीगमधून खाली घसरण आधीच झालेली, आता विश्वचषकालाही पात्रता स्पर्धेच्या दारातून जावं लागणार. त्यावर आज जास्त लिहवत नाही.

पुरुषांचं मात्र जमून आलंय. ७ सप्टेंबरला राजगीरमध्ये कोरियाला ४-१ हरवून आशिया चषक आणि त्यासोबत २०२६ च्या विश्वचषकाचं तिकीटही खिशात. २०१७ नंतर पहिल्यांदा. सुखजीतने पहिल्याच मिनिटात मारलेला तो गोल मी मोजून अकरा वेळा पाहिला. अकराव्या वेळी वहीसाठी पाहिला, आधीचे दहा निव्वळ हौस.

नव्याने येणाऱ्यांसाठी सांगतो, माझी वही म्हणजे काय. भारताच्या सामन्यातला प्रत्येक पेनल्टी कॉर्नर मी एका ओळीत मांडतो. चेंडू कोणत्या बाजूने आत दिला, स्टॉपरने नीट थांबवला की उडाला, फ्लिक (स्टिकने चेंडू उचलून फेकलेला फटका) कोणी मारली, कुठल्या कोपऱ्यात, निकाल काय. शेवटी एक खासगी रकाना आहे, 'माझा अंदाज'. चेंडू हलायच्या आत तो भरायचा, नंतर खाडाखोड चालत नाही. अर्ध्याहून जास्त वेळा चुकतो. आपला कर्णधार आणि मुख्य फ्लिकर हरमनप्रीत याच्या बाबतीत तर लाज वाटावी इतका.

१९ सप्टेंबर

एक जुनी चूक सापडली. कॉर्नरवर फ्लिक अडली, रिबाउंडवर कोणी चेंडू ढकलला, तर तो मी मैदानी, म्हणजे चालू खेळातला, गोल धरत होतो. नियमाने तसं नाही. चेंडू डीच्या बाहेर पाच मीटरपलीकडे जाईपर्यंत कॉर्नर चालूच असतो. म्हणजे वहीतले कितीतरी 'मैदानी' गोल मैदानी नव्हतेच. दोन संध्याकाळी मागची पानं तपासण्यात गेल्या. दुरुस्त आकडा पाहिल्यावर माझा मैदानी गोलांबद्दलचा उत्साह जरा उतरला, हे कबूल.

तरी आशेला जागा आहे. आशिया चषकात चीनविरुद्धचा पहिला सामना आपण ४-३ जिंकलो, आणि चारही गोल कॉर्नरवरचे होते. तीन हरमनप्रीतचे, एक जुगराजचा. त्या रात्री मला धडकी भरली होती, कारण एका फ्लिकरला ताप आला की सगळा संघ आजारी, असा प्रकार. फायनलमध्ये मात्र चारपैकी तीन गोल खेळातून आले. सुखजीतचा एक, दिलप्रीतचे दोन. चौथा रोहिदासचा, कॉर्नरवर. एकाच स्पर्धेत दोन टोकं दिसली. आपला खरा चेहरा यातला कोणता, ते युरोपातले संघ सांगतील.

२३ सप्टेंबर

आज जूनची पानं उघडली. मन घट्ट करूनच. प्रो लीगच्या युरोप दौऱ्यात ओळीने सात पराभव. नेदरलँड्सकडून १-२ आणि २-३, अर्जेंटिनाकडून ३-४ आणि १-२, ऑस्ट्रेलियाकडून दोन्ही वेळा २-३, मग बेल्जियमकडून ३-६. दुसऱ्या दिवशी त्याच बेल्जियमला ४-३ हरवलं, पण नऊ संघांत आठवं यायचं ते आलोच.

सातांपैकी सहा सामने एका गोलाने गेले. त्या दिवसांत मी सगळ्यांसारखाच ओरडत होतो, आपण आणखी एक गोल का मारत नाही म्हणून. आता शांतपणे पाहतो तर बहुतेक सामन्यांत दोन-तीन गोल आपण मारलेच होते. एक कमी खाल्ला असता तरी चाललं असतं. आणि माझ्या वहीत खाल्लेल्या गोलांचा रकानाच नाही! दोन वर्षं मी आपण मारलेले कॉर्नर मोजतोय. आपल्यावर झालेल्या कॉर्नरांना एक ओळही नाही.

२४ ते २७ सप्टेंबर

चार दिवस फक्त बचावाचे कॉर्नर पाहिले. डोळ्यांना वेगळीच सवय लावावी लागते. आधी चेंडूकडे बघायचो, आता गोलरेषेवर उभ्या पाच जणांकडे. गोलरक्षक आणि चार बचावपटू, बाकीचे सहा मध्यरेषेपलीकडे. त्या चारांतला एक पहिला रशर. तोंडावर मुखवटा, गुडघ्यांना पॅड, हातात जाड ग्लोव्हज. चेंडू आत सुटला की हा सरळ फ्लिकरच्या स्टिकवर धावतो. अंगावर येणारा चेंडू ताशी शंभर किलोमीटरच्या वर असू शकतो, आणि हा त्याच्याच दिशेने पळतोय.

एक चतुर्थांश वेगाने पाहिलं तेव्हा कळलं की रशर नुसता धावत नाही, तो बाजू निवडतो. एक बाजू स्वतःच्या अंगाने बंद करतो आणि दुसरी गोलरक्षकावर सोपवतो. दोघांचा करार मोडला की चेंडू जाळीत. घाई केली तर आणखी वाईट. चेंडू सुटायच्या आत पाय हलला तर त्या खेळाडूला मध्यरेषेपलीकडे पाठवतात, आणि तोच कॉर्नर पुन्हा, एक बचावपटू कमी करून.

आपल्याकडे हे काम वर्षानुवर्षं अमित रोहिदास करतोय. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रिटनविरुद्ध त्याला लाल कार्ड मिळालं. तो सामना आपण दहा जणांनी खेचला आणि शूटआउटवर ४-२ जिंकला. पण उपांत्य फेरीत रोहिदास निलंबित होता. जर्मनीचा पहिला गोल गोन्झालो पेयाटने मारला, पेनल्टी कॉर्नरवर. रोहिदास असता तर तो अडला असता असं छातीठोकपणे कोणी म्हणू नये, मीही म्हणत नाही. पण ती क्लिप मी परत परत लावतो. सामना २-३ गेला.

उलट स्पेनविरुद्धचा कांस्यपदकाचा सामना बघा. २-१, आपले दोन्ही गोल हरमनप्रीतचे कॉर्नरवर, त्यामुळे माझ्या जुन्या वहीत तो सामना 'फ्लिकने जिंकला' असाच नोंदला आहे. पण स्पेनचा एकमेव गोल पेनल्टी स्ट्रोकवर, म्हणजे फक्त गोलरक्षकासमोर मारायच्या फटक्यावर, आला. शेवटच्या मिनिटांत त्यांना कॉर्नर मिळाले, आणि त्यांतला एकही आत गेला नाही. हे मी कुठेच लिहिलं नव्हतं.

रोहिदासने बत्तिशी ओलांडली आहे. त्याच्यामागे कोण, हा प्रश्न मला हरमनप्रीतच्या मागे कोण यापेक्षा जास्त छळतोय. फ्लिकर घडवण्याची चर्चा सगळेच करतात. रशरचं नाव घ्यायला कोणी तयार नाही.

२८ सप्टेंबर

नव्या हंगामाचं वेळापत्रक मांडून बसलो. हिवाळ्यात हॉकी इंडिया लीग, पुढे प्रो लीग, ऑगस्टमध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये विश्वचषक. तो ३० ऑगस्टला संपतो आणि १९ सप्टेंबरला जपानमध्ये आशियाई क्रीडा स्पर्धा सुरू. मध्ये जेमतेम वीस दिवस. विश्वचषक आपण १९७५ मध्ये क्वालालंपूरला एकदाच जिंकलो, तेव्हा मन तिकडे ओढतं. पण आशियाई सुवर्ण म्हणजे लॉस एंजेलिस २०२८ ऑलिंपिकचा थेट प्रवेश. प्रशिक्षक क्रेग फुल्टन कोणासाठी पाय राखून ठेवणार? मला विचाराल तर जपानसाठी. माझ्यातला चाहता हे वाचून माझ्याशी बोलायचा बंद होईल.

आता गोलरक्षक. श्रीजेश निवृत्त झाला आणि त्याच्यासोबत त्याची १६ नंबरची जर्सीही. कृष्ण पाठक आणि सूरज करकेरा दोघेही चांगले, आशिया चषकाच्या संघात दोघेच होते. पण रशर आणि गोलरक्षक यांचा जो करार मी वर लिहिला, तो दोन वेगवेगळ्या माणसांशी करायचा म्हणजे रोहिदासला दोन भाषा बोलाव्या लागणार. ही भीती खरी की माझी नवी हौस बोलतेय, ते पहिल्या पाच-सहा सामन्यांत कळेल.

नव्या पानाचे रकाने आखून झाले. रशर, त्याने बंद केलेली बाजू, गोलरक्षक, निकाल. सरावासाठी टोकियो ऑलिंपिकमधला जर्मनीविरुद्धचा शेवटचा कॉर्नर भरून पाहिला, ५-४, सहा सेकंद बाकी. गोलरक्षकाच्या रकान्यात 'श्रीजेश' बसलं, पण रकाना अरुंद पडला. पाठक आणि करकेरा एकाच सामन्यात आलटून पालटून आले तर मावणार नाहीत. उद्या पट्टी घेऊन पुन्हा आखतो.