एक पुस्तक, दोन उंबरे

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा शाळेतून निरोप आला आणि डोळ्यांसमोर आला तो आठवीच्या वर्गातला फळा.

इंग्रजीच्या सरांकडे मी व्याकरणाचं पुस्तक मागितलं होतं, तेही धीर करून इंग्रजीतून : 'सर, प्लीज बॉरो मी युअर बुक.' सरांनी आधी पुस्तक माझ्या हातात ठेवलं, मग खडू उचलला. फळ्यावर दोन घरं काढली, मधे वाट, वाटेवर पुस्तक.

"पुस्तक कुणाच्या उंबऱ्यातून निघालं?"

"तुमच्या."

"मग मी लेंड केलं. पोचलं कुठं?"

"माझ्या घरी."

"मग तू बॉरो केलंस. पुस्तक एकच, वाट एकच, उंबरे दोन."

आपण उसनं देतो आणि उसनंच घेतो. कन्नडमध्येही साल कोडु, साल तगो. खानापूर तालुक्यातल्या आम्हा पोरांच्या कानांवर लहानपणापासून या दोन्ही भाषा, त्यामुळे काही चुका दुहेरी पक्क्या झालेल्या. शिकणे-शिकवणे, कलि-कलिसु : दोन्हीकडे एकाच धातूवर भागतं, म्हणून आमच्या वह्यांत 'सर लर्न्ड अस' यायचं. सर फुली मारून मोकळे होत नसत. ती चूक कुठल्या भाषेच्या दारातून आत आली, ते दाखवत. आपल्या भागात इंग्रजी असंच शिकवायला हवं, असं मला आजही मनापासून वाटतं.

शेड आणि शॅडोचा तास तर भर दुपारी मैदानात झाला. सरांनी एका मुलाला उन्हात उभं केलं. मातीवर त्याचं डोकं, खांदे, हात स्पष्ट उमटले. "ही शॅडो. हिला आकार आहे. आता हिच्यात बसून डबा खा बघू." मग आम्हाला चिंचेखाली नेलं. "इथं आकार कोण बघतो? ऊन लागत नाही, एवढंच. ही शेड." व्हरांड्यातून कन्नडच्या बाई चालल्या होत्या. सरांनी विचारलं, तुमच्यात काय म्हणतात? बाई हसून म्हणाल्या, "एरडू नेरळेरी, सर." दोन्ही नेरळच. आपलीही सावली एकच. पुढं कळलं की इंग्रजीतले हे दोन शब्दही मुळात एकच. जुन्या इंग्रजीतल्या एकाच नामाच्या वेगवेगळ्या विभक्तिरूपांतून ते फुटले.

स्टेशनरीच्या दोन स्पेलिंगांत आम्ही कायम अडखळायचो. 'ए'वाली म्हणजे एका जागी थांबलेली, 'ई'वाली म्हणजे वह्या-कागद. पण त्यांचंही कूळ एकच. गावोगाव फिरणाऱ्या विक्रेत्यांपेक्षा वेगळा, एका जागी दुकान मांडून पुस्तकं विकणारा तो स्टेशनर. लंडनमधल्या अशा मंडळींच्या संघाला 1557 मध्ये राजाज्ञेची सनद मिळाली. आठवडी बाजारातली पथारी आणि पेठेतलं दुकान यांतला फरक आम्हाला वेगळा सांगावा लागत नव्हता.

दहावीनंतर बेळगाव, पदवी, मग बँकेत नोकरी. तिथं रोजच्या कागदावर बॉरोअर हाच शब्द. त्याच्या मुळाशी जुन्या इंग्रजीत तारण, जामीन असा अर्थ आहे, हे वाचलं तेव्हा सरांना सांगायची फार इच्छा झाली. सर तोवर राहिले नव्हते.

एकदा मुलाच्या पीककर्जाला जामीन राहायला एक आजी आल्या. कागद पुढं येताच घाबरून म्हणाल्या, "साल नंदेनु?" कर्ज माझं का? मी विचारलं, "अव्वा, रोक्क यार मनीगे होगताव?" पैसे कुणाच्या घरी जाणार? त्यांनी मुलाकडं बोट केलं. कोऱ्या कागदावर मी दोन घरं काढली, वाट काढली. बॉरोअर तो, असं सांगितलं. पण त्यानं फेडलं नाही तर बँक कुणाच्या उंबऱ्याशी येईल, तेही त्याच चित्रावर दाखवलं. आजींनी बराच वेळ तो कागद बघितला, मुलाकडं बघितलं आणि मग अंगठा पुढं केला.