तुम्ही विचारलंत म्हणून: गालिनो कशासाठी?

वर्गात कंत्राटी कामाचा विषय निघाला की मी समाजशास्त्रज्ञ लुचानो गालिनोंवर येतोच. मग कुणीतरी विचारतं, “सर, इटलीतला माणूस आपल्याला कशाला?”

गालिनोंचा जन्म 1927 चा, तोरिनोचा. 1956 साली आद्रियानो ओलिवेत्तींनी त्यांना इव्रेआच्या टाइपरायटर कारखान्यात बोलावून घेतलं. आद्रियानो मालकाचे चिरंजीव, पण तेराव्या वर्षी वडिलांनी त्यांना कारखान्यात कामाला लावलं होतं. सरता न सरणारे तास म्हणजे काय, ते त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या कारखान्याला दर्शनी भिंतीच्या जागी काच होती. आत उजेड यायचा, बाहेरचं जग दिसायचं. कामगारांसाठी वाचनालय होतं, मुलांसाठी पाळणाघर होतं. आणि पगारी समाजशास्त्रज्ञही! यंत्रं बदलली की कामाची घडी कशी बदलते, याचा गालिनोंचा तिथला अभ्यास 1960 मध्ये छापून आला. त्याच वर्षी आद्रियानो गेले. पुढं गालिनोंनी तोरिनो विद्यापीठात तीसएक वर्षं शिकवलं.

मला ते भेटले ते मी तासिका तत्त्वावर शिकवत होतो तेव्हा. दर जूनला फाइल मांडीवर घेऊन प्राचार्यांच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसायचं. “वर्कलोड आला की कळवतो,” एवढं ऐकायचं आणि घरी यायचं. घरी काय सांगायचं, ते बसमध्ये ठरवायचं. त्या दिवसांत त्यांच्या 2007 च्या पुस्तकाविषयी वाचलं. ‘श्रम ही विकायची वस्तू नाही’ असं त्याचं नाव. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं 1944 च्या फिलाडेल्फिया जाहीरनाम्यात मान्य केलेलं हे तत्त्व. गालिनोंचं म्हणणं असं, की काम माणसापासून सुटं करून घेताच येत नाही. करार तुटक असला की माणसाचं सगळं आयुष्यच तुटक होतं. त्याला पुढचं काही आखता येत नाही.

अशा कामगाराला इटालियनमध्ये ‘प्रेकारियो’ म्हणतात. शब्द लॅटिनमधून आलेला. मूळ अर्थ, विनवणी करून मिळालेलं. हे वाचलं आणि तो बाक डोळ्यांसमोर आला. इतकी वर्षं मी तिथं बसण्याला नोकरीचा अर्ज म्हणत होतो.

2015 साली, नोव्हेंबरात, गालिनो गेले. त्याच वर्षीचं त्यांचं पुस्तक नातवंडांना उद्देशून आहे. त्यात ते सुरुवातीलाच सांगतात, की ही एका पराभवाची गोष्ट आहे, माझ्या आणि तुमच्याही. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, आपण हरलो हे कबूल करूनही, ते नातवंडांना सगळं नीट समजावत बसले होते.